कांदिवलीची खाण आणि तिच्यांतील स्फटिक



ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेसाठीं इतिहासविषयक एखादा लेख लिहावा, अशी आपल्या मंडळानें मला विनंति केली. तेव्हां माझ्या मेजाच्या खणांत पुष्कळ वर्षें पडून असलेली एक लांकडी डबी मला आठवली. तींत तीन खडे आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गास येणाऱ्या मुलांना मी ते कधीं कधीं दाखवितों. दर वेळीं कोणी तरी विचारतेंच, "फादर, हे दगड आपल्या मुर्रीचे कां?"

ते मुर्रीचे नव्हेत. मुंबईच्या उत्तरेस कांदिवली येथें समुद्रकांठच्या प्रदेशांत एक मोठी दगडाची खाण होती, तिच्यांतले ते आहेत. खाण बंद पडली, तिच्या भोंवतालीं वस्ती उभी राहिली, आणि आज तेथून जाणाऱ्या माणसास येथें एके काळीं डोंगर होता हें सांगूनही खरें वाटूं नये, अशी स्थिति आहे. मुर्रीहून ती जागा आगगाडीच्या वाटेनें नऊशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मग तिची हकीकत आपल्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत कशासाठीं, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर मी ह्या तीन खड्यांच्या तोंडूनच देणार आहें.

प्रथम मुलांच्या प्रश्नाचा उलगडा करूं. आपल्याकडील खडक आणि मुंबईकडील खडक एका जातीचे नव्हेत. गोंदिया जिल्ह्यांत ज्या खडकांवर आपण धान पिकवितों आणि तलाव बांधितों, ते भारतांतील अति प्राचीन खडकांपैकीं होत. आपल्या शेजारच्या आमगांवचें नांव भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्यांतील एका समूहास दिलें असून त्याचें वय दोनशें कोटी वर्षांहून अधिक आहे. नागपुराकडे गेलें म्हणजे भूमीचें रूप पालटतें. सीताबर्डीच्या टेकडीपाशीं काळा पाषाण लागतो, आणि तेथून पश्चिमेस तो थेट समुद्रापर्यंत पसरलेला आहे. हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीस मोठमोठ्या भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वाहिला, आणि थरावर थर बसून सह्याद्रीचे कडे तयार झाले. मुंबईच्या बाजूस ह्या रसाचे कांहीं प्रवाह उथळ पाण्यांत शिरले. त्यामुळें तेथें कांहीं ठिकाणीं खडकांस एकावर एक रचलेल्या उशांसारखा आकार आला आहे.

तव्यावरील धिरड्यास जशी जाळी पडते, तशीच जाळी ह्या रसासही पडे. थंड होतां होतां त्यांतील वायूचे बुडबुडे आंत कोंडले जात व त्यांच्या जागीं पोकळ्या राहत. पुढें दीर्घ काळपर्यंत ऊन पाणी खडकाच्या बारीक फटींतून झिरपत राहिलें. त्यानें खडकांतील कांहीं द्रव्यें विरघळवून घेतलीं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू आणून ठेविलीं. तीं द्रव्यें थिजतांना ठराविक कोनांच्या आकृति धारण करितात. त्यांसच आपण स्फटिक म्हणतों. तात्पर्य, पोकळी आधीं व स्फटिक मागून. बाहेरून पाहिलें तर काळा, ओबडधोबड धोंडा. फोडला म्हणजे आंत शुभ्र, हिरवट, गुलाबी रंगांची दालनें. मात्र तीं पाहावयाची तर धोंडा कोणी तरी फोडावा लागतो.

आतां खाणीकडे वळूं. साष्टी बेटांत दगड कोरण्याची परंपरा फार जुनी आहे. कान्हेरीच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठीं शंभराहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं. बोरिवलीजवळ मंडपेश्वराचें शैव लेणें आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलाखालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं तेथें चर्च स्थापिलें होतें. कांदिवलीच्या पूर्वेस आकुर्ली गांवाच्या हद्दींत पडण नांवाची काळ्या पाषाणाची टेकडी होती. तिच्यावर पावलांच्या आकृति व प्राचीन लिपींतील लहान लहान लेख कोरलेले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं सोपाऱ्याच्या स्तूपाबरोबर ह्या टेकडीवरील अवशेषांचेंही वर्णन १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें के. आर. यू. टॉड नांवाच्या नौदलाच्या अधिकाऱ्यानें कांदिवलीच्या परिसरांत अश्मयुगांतील मानवाचीं दगडी हत्यारें शोधून काढिलीं व १९३९ सालीं त्यांवर निबंध लिहिला. म्हणजे दगड फोडून पोट भरणारा मनुष्य ह्या भूमीवर इतिहासाच्याही आधीं आलेला होता.

परंतु कांदिवलीचा डोंगर डोळ्यांदेखत नाहींसा झाला, तो विसाव्या शतकांत. मुंबई शहरास जागा अपुरी पडूं लागली होती. १९२० सालीं, गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांच्या कारकीर्दींत, बॅकबेचा समुद्र हटवून नवी भूमि करण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें. आठ भागांत मिळून ११४५ एकर जमीन काढावयाची, असा मूळ बेत होता. त्यासाठीं प्रथम लाटा अडविणारी लांबच लांब भिंत घालावयाची व मग आंतील भाग भरावयाचा. ह्या भिंतीस लागणारा दगड कांदिवलीच्या खाणींतून काढण्यांत आला. सुरुंगांनीं डोंगर फुटे, मजूर घणानें धोंडे फोडीत, आणि बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या मार्गानें तो दगड समुद्राकडे जाई. भरावाचें काम अंदाजाप्रमाणें पुढें सरकेना, खर्च मात्र वाढत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन ह्यांनीं ह्या कारभारावर कडक टीका केली; १९२६ सालीं चौकशी समिति बसली; आणि अखेर आठांपैकीं चारच भाग पुरे झाले. मुंबईस गेलेल्या वाचकांनीं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून समुद्र पाहिला असेल. त्या नव्या भूमीस आवरून धरणारी समुद्रभिंत ही कांदिवलीच्या डोंगराची देणगी होय. एका ठिकाणचा डोंगर नाहींसा झाला आणि दुसऱ्या ठिकाणची भूमि झाली.

असें हें काम चाललें असतां फुटलेल्या धोंड्यांतून स्फटिक बाहेर पडत. भिंत बांधणाऱ्यास त्यांचें कांहींच प्रयोजन नव्हतें. उलट पोकळ्यांचा दगड भिंतीस कुचकामाचा. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांस ते दिसले. मुंबईस सांपडलेल्या गायरोलाइट व ओकेनाइट ह्या दोन खनिजांचें वर्णन भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती ह्यांनीं १९२०च्या दशकांत केलें. येशूसंघीयांनीं १८६९ सालीं स्थापिलेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत प्राध्यापक आर. एन. सुखेश्वाला ह्यांनीं तर ह्या खडकांच्या अभ्यासास पुष्कळ वर्षें वाहिलीं. १९५८ सालीं त्यांनीं आरी पोल्डरवार्ट ह्यांच्यासह मुंबई परिसरांतील काळ्या पाषाणावर आणि १९७४ सालीं अवासिया व गंगोपाध्याय ह्या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतांतील झिओलाइट खनिजांवर निबंध प्रसिद्ध केला. कांदिवलीचे नमुने देशोदेशींच्या संग्रहांत गेले. त्यांच्या चिठ्ठ्यांवर आजही मुंबईचें नांव आहे. खाण मात्र नाहीं.

ज्या झिओलाइटांचा येथें उल्लेख आला, त्यांच्या नांवाची कथा अशी : १७५६ सालीं स्वीडन देशाच्या क्रोनस्टेड नांवाच्या शास्त्रज्ञानें अशा एका खनिजावर फुंकणीनें ज्वाळा सोडली, तेव्हां तें फेंसाळून उकळल्यासारखें झालें. म्हणून ग्रीक भाषेंतील 'उकळणें' व 'दगड' ह्या दोन शब्दांवरून त्यानें हें नांव बनविलें. ह्या खनिजांच्या अंतर्भागीं अति सूक्ष्म वाटा असून त्यांत पाणी सांठलेलें असतें. उष्णता लागली म्हणजे तें बाहेर पडतें. पाणी मृदु करण्यासाठीं व तेलशुद्धीच्या कारखान्यांत चाळणीप्रमाणें आज त्यांचा उपयोग होतो. मात्र त्यासाठीं बहुतेक झिओलाइट कृत्रिम रीतीनेंच तयार करितात.

आतां माझी डबी उघडतों. सेमिनरींत शिकत असतां एका सुटींत मी मुंबईस गेलों होतों. कांदिवलीस एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांच्या घरीं माझा मुक्काम होता. त्यांचे वडील तरुणपणीं खाणीवर कामास होते. निरोपाच्या वेळीं त्यांनीं पत्र्याच्या एका डब्यांतून हे तीन खडे काढून माझ्या हातीं दिले.

पहिला खडा ओकेनाइटाचा. काळ्या दगडाच्या खोबणींत जणुं पिंजलेल्या कापसाचा गोळा ठेविला आहे, असा तो दिसे. तो कापूस म्हणजे केसांहून बारीक अशा स्फटिकांच्या सुया होत. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ब्रदर, ह्याला बोट लावूं नका हां." त्यांची पाठ वळतांच मीं बोट लाविलें. मऊ लागेल अशी माझी कल्पना होती. सुया मोडल्या व एकमेकींस चिकटून बसल्या. गोळ्याच्या मधोमध माझ्या बोटाचा खळगा पडला. कोट्यवधि वर्षें खडकाच्या पोटांत जें सुरक्षित राहिलें, तें माझ्या हातून एका क्षणांत बिघडलें. त्या सुया पुन्हा उभ्या राहत नाहींत. गृहस्थांनीं तें पाहिलें, पण मला ते एक शब्दही बोलले नाहींत. तो खळगा मी मुलांना आवर्जून दाखवितों, आणि तो कोणी पाडला हेंही सांगतों.

दुसरा खडा लॉमोंटाइटाचा होता. 'होता' असें म्हणतों, कारण आज डबींत त्याची पांढरी भुकटी तेवढी उरली आहे. ह्यांत माझ्या बोटाचा दोष नव्हता. अज्ञानाचा मात्र होता. लॉमोंटाइट हें झिओलाइटच आहे. ओल्या खडकांतून काढून कोरड्या हवेंत ठेविलें म्हणजे त्यांतील कांहीं पाणी उडून जातें, स्फटिकास तडे पडतात आणि हळूहळू त्याचा चुरा होतो. संग्रहालयांत अशा खनिजाची ओल टिकविण्याची खबरदारी घ्यावी लागते. मी तें कागदांत गुंडाळून ठेविलें आणि निश्चिंत राहिलों. कांहीं गोष्टी हात लावल्यानें बिघडतात, आणि कांहीं नुसत्या ठेवून दिल्यानें.

तिसरा खडा प्रेह्नाइटाचा आहे. रंगानें फिका हिरवा, बोटाएवढा लांब, आणि आंतून पोकळ. कांदिवली व मालाड येथील खाणींत असे पोकळ खडे सांपडत. त्यांची उत्पत्ति विचार करण्याजोगी आहे. प्रथम पोकळींत लॉमोंटाइटाचे लांबट स्फटिक वाढले. मग पाण्यांतील द्रव्यें बदललीं व त्या स्फटिकांवर प्रेह्नाइटाचें कवच चढलें. पुढें आंतील लॉमोंटाइट विरघळून गेलें. कवच तेवढें राहिलें. आज त्या पोकळींत डोकावलें म्हणजे जें नाहींसें झालें, त्याच्या बाजू व कडा स्पष्ट दिसतात. जें स्वतः हवेंत टिकत नाहीं, त्याचा आकार दुसऱ्यानें सांभाळून ठेविला आहे.

ह्या कडा व हे कोन ह्यांचें शास्त्र ज्यांनीं उभें केलें, त्यांत दोन कॅथलिक धर्मगुरू अग्रभागीं आहेत, हें आपल्या वाचकांस सांगितलेंच पाहिजे. डेन्मार्कमध्यें १६३८ सालीं जन्मलेले निकोलस स्टेनो ह्यांनीं १६६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, स्फटिक लहान असो वा मोठा, त्याच्या बाजूंमधील कोन बदलत नाहींत. दोन वर्षें आधीं त्यांनीं कॅथलिक पंथाचा स्वीकार केला होता. पुढें ते धर्मगुरू व बिशप झाले, आणि १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस धन्य घोषित केलें. दुसरे फ्रान्सचे रेने झुस्त आवी. हे एका विणकराचे पुत्र. त्यांच्यासंबंधीं अशी गोष्ट सांगतात कीं, पाहतां पाहतां कॅल्साइटाचा एक सुंदर नमुना हातांतून पडून फुटला. तुकडे गोळा करितांना सर्व तुकड्यांस एकच आकार असल्याचें त्यांच्या ध्यानीं आलें, आणि तेथून त्यांच्या स्फटिकविद्येस आरंभ झाला. १७९२ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्यांस कैद झाली, तेव्हां त्यांच्या एका तरुण शिष्यानें खटपट करून त्यांस सोडविलें. कांदिवलीच्या खाणींतही सांपडणाऱ्या ॲपोफिलाइट ह्या खनिजाचें नांव ह्यांनींच १८०६ सालीं ठेविलें.

नांवांचा विषय निघाला आहे, तर आणखी थोडें सांगतों. ओकेनाइट हें नांव लोरेन्झ ओकेन ह्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञावरून पडलें. लॉमोंटाइट हें जिले द लॉमों ह्या फ्रेंच गृहस्थावरून, आणि कांदिवलीस प्रेह्नाइटाच्या सोबतीस आढळणारें काळें, चकचकीत बॅबिंग्टोनाइट हें विल्यम बॅबिंग्टन ह्या वैद्यावरून. प्रेह्नाइट हें नांव आफ्रिकेच्या टोंकाशीं डच सैन्यावर असलेल्या कर्नल प्रेह्न ह्यांच्यावरून १७८८ सालीं ठेविलें गेलें. व्यक्तीचें नांव मिळालेलें तें पहिलें खनिज मानितात. ह्या सर्वांविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. परंतु कांदिवलीचा धोंडा ज्यानें फोडला, ज्यानें सुरुंगाची वात लाविली आणि धुरळा बसल्यावर जो प्रथम त्या पोकळींत डोकावला, त्याचें नांव कोणत्याही खनिजास नाहीं व कोणत्याही चिठ्ठीवर नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत हें कष्टाचें काम वडार समाजानें व इतर मजुरांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें. मला खडे देणाऱ्या गृहस्थांस त्यांचे वडील खाणीवर होते, एवढेंच ठाऊक होतें. कोणत्या वर्षीं लागले, किती मजुरी मिळे, सोबती कोण होते, हें त्यांनीं वडिलांस कधीं विचारलें नव्हतें. "विचारायला हवें होतें, ब्रदर," एवढेंच ते म्हणाले.

आतां आरंभींच्या शंकेचें उत्तर. आपल्याही शेजारीं, भंडारा जिल्ह्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. आपल्या प्रदेशांतील माणसें अशा खाणींत खपलीं, रेल्वेमार्गावर खपलीं, तलावांच्या बांधावर खपलीं. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या तारखा आहेत. नांव आहे, आईबापांचें नांव आहे. पण त्या माणसानें जन्मभर काय काम केलें, तो कोणत्या गांवाहून येथें आला, कोणाच्या हातास धरून प्रथम चर्चमध्यें आला, हें त्या वह्यांत नाहीं. तें आपल्या वृद्धांच्या आठवणींत आहे, आणि आठवण ही लॉमोंटाइटाच्या जातीची आहे. नुसती ठेवून दिली तर तिचा चुरा होतो.

पडण टेकडीवरील लेखांविषयीं आज आपण बोलूं शकतों, तें पंडित भगवानलालांनीं सुरुंग लागण्याआधीं तेथें जाऊन तें लिहून ठेविलें म्हणून. प्रेह्नाइटाच्या कवचानें जें केलें, तेंच त्यांच्या लेखणीनें केलें. म्हणून माझी प्रत्येक कुटुंबास विनंति आहे कीं, ज्युबिलीच्या ह्या वर्षांत घरांतील तरुणांनीं एक साधी वही घ्यावी, आजी-आजोबांजवळ बसावें आणि ते सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहून काढावें. गांव, काम, मालक, मजुरी, दुष्काळ, आजार, सण, गाणीं, सर्व कांहीं लिहावें. अलंकार नकोत, सुधारणा नकोत. फार बोटें लावलीं तर आठवणींच्याही सुया मोडतात, हें मी अनुभवानें सांगतों. वह्या पुऱ्या झाल्या म्हणजे त्यांची एकेक प्रत चर्चच्या कपाटांत नोंदवह्यांच्या शेजारीं ठेवूं. पुढल्या ज्युबिलीच्या वेळीं आपल्यापैकीं पुष्कळ जण येथें नसतील. त्या वेळीं जो कोणी हें कपाट उघडील, त्यास आपल्या माणसांच्या कडा व कोन स्पष्ट दिसावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

डबी माझ्या मेजाच्या खणांतच आहे. ज्यांस पाहावयाची असेल, त्यांनीं रविवारच्या मिस्सानंतर अवश्य यावें. पहिल्या खड्यास मात्र बोट लावूं नये.

परमेश्वर आपणां सर्वांस सुखी राखो.